मिस्त्रीचा स्क्रूड्रायव्हर

"स्टिअरिंगची कटकट गेली बघ, दस्तगीर. सकाळी कंपनीनं तिकडूनच, नेटवरून गाडी दुरुस्त केली," इंदुताई म्हणाल्या.

दस्तगीर मिस्त्रीनं लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पुढच्या चाकामागच्या रॉडला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि बिनचालकाच्या गाडीला जागेवरच चाकं वळवायला सांगितलं. स्टिअरिंग आपोआप फिरलं. बाहेर चिडीचूप होतं. मुठीतून मात्र सांधा कटकटत होता, कालच्यापेक्षा जास्तच.

"ताई, ही दुरुस्ती नव्हे. गाडी आता स्पीकरमधून उलटा आवाज सोडून हा आवाज दाबतेय. सांधा तुटायला आलाय."

"मग बदल की."

"कंपनीचं सील तोडलं तर गाडी कायमची बंद पडेल. आणि कंपनी म्हणते, आवाज नाही म्हणजे बिघाड नाही."

त्यांचा विश्वास बसेना, म्हणून त्यानं मूठ त्यांच्या कानाला लावली. बराच वेळ त्या तशाच वाकून ऐकत राहिल्या.

डायलिसिससाठी त्यांना आठवड्यातून तीनदा घाट उतरावा लागे. गावात दुसरं वाहन उरलं नव्हतं.

"बिघाड नाही. निघायची वेळ झाली," असं म्हणत गाडीनं दार उघडलं.

"ऐकवायला नको होतंस रे," इंदुताई म्हणाल्या आणि आत बसल्या.

जराही आवाज न करता गाडी घाटाकडे वळली.