पुलाआधी सुटलेला दोर

"सही कुठं करायची, म्याडम?" बाळगोंडांनी विचारलं आणि चष्मा पुसला.

दीपमालानं कागद लगेच पुढे केला नाही. बंदरातल्या अपघाताच्या चौकशीसाठी ती मुद्दाम सांगलीला, बाळगोंडांच्या घरी आली होती, आणि मागायच्या आधीच हातात पडणारी कबुली तिला काही पटेना.

"आधी वाचून तरी घ्या."

"वाचायचं काय त्यात? माझं चुकलं."

मोठं जहाज पुलाखालून जाताना त्याच्या मागे टग बांधतात. टग म्हणजे छोटी पण दांडगी बोट. उतारावर बैलगाडी मागून दोर लावून आवरतात, तशी ती जहाजाला आवरते. महिन्यापूर्वी बाळगोंडांच्या टगचा दोर पुलाच्या अलीकडेच सोडला गेला. नेमकं तेव्हाच जहाजाचं इंजिन बंद पडलं आणि ते खांबाला घासलं. पुलावर दिवे दुरुस्त करणारा एक माणूस खाली पडून दगावला.

दोर सोडायचं बटण सुकाणूजवळ. टगचं सुकाणू दोघंच धरायचे, बाळगोंडा आणि त्यांचा मुलगा जिनेश. 'रात्री पावणेआठ वाजता आण्णा सुकाणूवर होते, मी खाली जेवत होतो,' असं जिनेशनं लिहून दिलं होतं. बापाचा जबाबही तसाच होता.

जिनेश उंबऱ्याशी मान खाली घालून बसला होता. बापाकडे तो एकदाही बघत नव्हता. कसा बघेल बिचारा, दीपमालाला वाटलं. खरं सांगावं तर बाप जातो, खोटं सांगावं तर इमान. इकडे आड, तिकडे विहीर. तिला त्याची फार कीव आली.

"एकतीस वर्षांत तुमच्या हातून साधा ओरखडा नाही," ती बाळगोंडांना म्हणाली. "त्या दिवशीच कसली घाई झाली?"

"वय झालं. पूल मागं पडला असं वाटलं."

"लायसन्स जाईल. कदाचित तुरुंगही होईल."

"व्हय." त्यांनी स्वयंपाकघराकडे बघितलं. "जरा हळू बोला. हिला यातलं काय म्हाईत न्हाई. पेन्शनचा कागद हाय म्हणून सांगितलंय."

आतून चंदनबालाबाईंचा आवाज आला. "आवं, कागद पळून जातोय व्हय? आधी ताईंना जेवू द्या!"

हे तिसऱ्यांदा होतं.

बाळगोंडांनी सही केली. पेनाला टोपण लावून ते परत दिलं. जिनेशनं मात्र डोळे मिटून घेतले. दीपमालानं कागद पिशवीत ठेवला. काम झालं होतं, पण तिला बरं वाटत नव्हतं.

चंदनबालाबाई ताट घेऊन आल्याच. भाकरी आणि घेवड्याची उसळ.

"काकू, आत्ताशी साडेपाच वाजलेत. मी नऊला जेवते."

"आमच्यात दिस बुडाल्यावर जेवत न्हाईत, ताई. म्हणून तर मघापासनं घाई लावलीया."

दीपमाला हसली. "मग बोटीवर कसं जमतं या दोघांना?"

"आगं, पाणी आण की!" बाळगोंडा एकदम ओरडले.

चंदनबालाबाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या कौतुकानं लेकाकडे बघत होत्या.

"यांचं सोडा, यांनी नेम कवाच मोडला. पण माझा जिनेश! धा वर्सं बोटीवर हाय, पण दिस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घेतलेला न्हाई त्यानं."