टाकणखाराचा सांधा

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यात ती चांदीची साखळी तिसऱ्यांदा सोनाराच्या दुकानात परत आली.

"सुटली हो दादा," टायपिस्टबाई म्हणाल्या. निवृत्त झाल्यापासून त्या समोरच्या इमारतीत एकट्याच राहत.

सोनाराने साखळी हातात घेऊन सुटलेली कडी उलटून पाहिली. परगावी राहणाऱ्या मुलीला त्याने शब्द दिला होता, "माझा सांधा सुटायला लागला की दुकान बंद करून तुझ्याकडे येईन." बायको गेल्यापासून दुकानाशिवाय त्याचं म्हणावं असं काही उरलं नव्हतं.

"टाकणखारच जुना झाला असेल," तो पुटपुटला. त्याने नवी पुडी फोडली, पांढरा खडा दगडावर पाण्यात उगाळला आणि कडीला लावला. हा खार नसेल तर चांदी चांदीला धरत नाही.

"याचे उपयोग फार, ताई. कपडे स्वच्छ निघतात. साखरेत कालवून कोपऱ्यात ठेवा, मुंग्या पार नाहीशा होतील. फक्त पोटात जाता कामा नये. हात धुवायचे, आणि पुडी मिठाच्या बरणीपासून लांब ठेवायची."

"नको बाई! मुंग्याही गेल्या तर घरात हलणारी मी एकटीच."

दोघंही हसले. फुंकणीच्या ज्योतीत खार फुगला, मग वितळून काचेसारखा चकाकला. साखळी थंड होईपर्यंत बाई बसल्या. थंड झाल्यावरही जरा बसल्या.

"ओढून बघा की."

"तुमच्या कामाला काय ओढून बघायचं?"

पुढच्याच आठवड्यात साखळी पुन्हा आली. सांधा उघडा. सोनाराने चष्मा पुसून पाहिलं, पण डोळे आता पूर्वीसारखी साथ देत नव्हते. त्याने खार पुन्हा उगाळून कडीला लावला.

"माझाच हात गेला, ताई."

"छे हो! साखळीच मेली नतद्रष्ट. परत सुटली तर आणीनच मी."

सोनाराने सांधा पुरा केला, साखळी त्यांच्या हातात ठेवली आणि त्याच रविवारी दुकानाला कुलूप लावलं.

मुलीकडे तो आणखी काही वर्षं जगला. फुंकणीला पुन्हा शिवला नाही. कोणी विचारलं तर सांगे, "खार चांगला होता, हातच बिघडला." दुकानात पुढे एक शिंपी आला.

टायपिस्टबाई बऱ्याच म्हाताऱ्या होऊन गेल्या. साखळी शेवटपर्यंत गळ्यात होती, ती परत कधी सुटली नाही. सांधा उघडायची पक्कड त्यांनी दुकानाला कुलूप दिसलं त्याच दिवशी शेजाऱ्यांना देऊन टाकली होती.