चार वाजताचा घारगा

चार वाजून गेले तरी भार्गवकाकांच्या दंडावरची पट्टी वाजेना, तशा घारग्याची बशी घेऊन उभ्या असलेल्या वैजयंता सिस्टर बेचैन झाल्या.

वृद्धाश्रमात मधुमेह असलेल्या प्रत्येकाला अशी पट्टी होती. माणसाला नुसती खायची इच्छा झाली की ती वाजायची आणि इन्सुलिन सोडायची. काकांना रोज चारला वारलेल्या बायकोचे घारगे आठवायचे, पट्टी फसायची, आणि साखर एकदम उतरू नये म्हणून सिस्टर त्यांना खराच घारगा भरवायच्या.

"आज साखर अगदी छान आहे," डॉक्टर स्क्रीनकडे बघत म्हणाले.

"छान कसली? काकूंना विसरलेत ते!" सिस्टर फणकारल्या.

त्या काकांशेजारी बसल्या आणि मुद्दाम चुकीचं बोलल्या, "काका, कुमुदकाकू घारग्यात मीठ घालायला विसरायच्या ना?"

काका खिडकीकडून त्यांच्याकडे वळले. मग म्हणाले, "मीठ नाही गं, खसखस. लावायला विसरायची, आणि वर माझ्यावरच चिडायची."

पट्टी वाजली.

सिस्टरांनी घारगा मोडून त्यांच्या तोंडाशी धरला. त्याला खसखस नव्हती. सिस्टर ती कधीच लावत नसत.