बारीक फाक

"शेवटची पाच मिनिटं," पर्यवेक्षिका म्हणाली.

रुइझूचा इंग्रजीच्या परीक्षेतला निबंध लिहून झाला होता. पाय चार्टचं, म्हणजे फाकांत वाटलेल्या वर्तुळाचं, वर्णनही झालं होतं, अगदी क्लासच्या छ्यू सरांच्या साच्याप्रमाणे: आधी सगळ्यात मोठी फाक, मग तिच्या खालची, मग काय वाढलं, काय घटलं. उरलेली पाच मिनिटं क्रियापदांच्या शेपट्या तपासायच्या, हे सरांनी घोटून घेतलं होतं. चिनी क्रियापदांना काळाचं, वचनाचं शेपूट नसतं, म्हणून इंग्रजी लिहिताना सूचौच्या पोरी ते हमखास विसरतात. मागच्या दोन्ही वेळा रुइझूचा अर्धा गुण तिथेच गेला होता. आता लेखनात सात मिळाले तरच आयर्लंडच्या रुग्णालयात नर्सची जागा. रुग्णालय यापुढे थांबणार नव्हतं.

तिने पान उलटलं. प्रश्नात दोन वर्तुळं होती. आई कामावर गेली की तान्ही मुलं कुणापाशी असतात, वीस वर्षांपूर्वी आणि आता. आजीआजोबांची फाक आक्रसलेली. पाळणाघराची फुगलेली. बापांची किंचित जाड झालेली, देव त्यांचं भलं करो. आणि कडेला एक फाक शेवयीएवढी. शेजारी, तीन टक्के.

"पाचाच्या आतलं बघायचंसुद्धा नाही," सर वर्गात सांगत. "बारीकसारीक गाळा. परीक्षक काही तुमचा मामा नाही सगळं ऐकून घ्यायला."

तिने गाळलं होतं.

पण रुइझूच्या गावी पोथी गाऊन सांगणारा बुवा यायचा, तो शेवटी एकेका घराचं नाव घ्यायचा. मूठभर तांदूळ देणाऱ्याचंही. एकदा एक घर राहिलं, तर शेन आजी भरल्या सभेत उभी राहिली. "बुवा, ते काय दुसऱ्या देवाचे आहेत?" तेव्हा रुइझू तिच्या कडेवर होती. रुइझूची आई बुटांच्या कारखान्यात, बाप मालाच्या बोटीवर, आणि शेन आजी भिंतीपलीकडची शेजारीण.

रुइझूने एक वाक्य लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं. पर्यवेक्षिकेने तिच्या हाताखालून पेपर ओढून घेतला. शेपट्या तशाच राहिल्या.

फाटकाबाहेर सगळ्या क्लासांचे मास्तर उभे होते. ताजा प्रश्न गरम असतानाच उतरवून घ्यायचा, म्हणजे पुढच्या तुकडीला सांगता येतो. त्यांच्या पायांशी, घडीच्या स्टुलावर बसून, शेन आजी उकडलेले शिंगाडे सोलत होती.

"काय आलं?" छ्यू सरांनी पेन उघडूनच विचारलं.

"पाय चार्ट, सर. दोन. मुलं कोण सांभाळतं त्याचे."

"वा! घोटलेलंच आलं. बारीक गाळलंस ना?"

"नाही, सर. शेजाऱ्यांची तीन टक्के होती. आधी गाळली, मग शेवटी लिहिली."

"आणि तपासलं कधी?"

"नाही तपासलं."

सरांनी पेनाचं टोपण लावलं. "अगं, मी दोन वर्षं भिंतीशी बोलत होतो का?"

"गुरुजी, आधी हा घ्या." आजीने त्यांच्या हातात शिंगाडा ठेवला. "रागावलेल्या माणसानं शिंगाडा सोलावा. हात गुंतले की तोंड गप्प राहतं."

"आजी, हिने तीन टक्क्यांपायी नोकरी टांगून ठेवली!"

"तीन टक्के म्हणजे किती?"

"शंभर पोरं धरा. आई कामावर गेली की त्यातली तीन शेजाऱ्यांकडे राहतात. एवढीशी गोष्ट."

आजीची सुरी थांबली. तिने रुइझूकडे वर पाहिलं.

"अगं बाई! माझं लिहून आलीस? पेज करपायची माझी, ते नाही ना लिहिलंस?"

"नाव लिहायचं नसतं, आजी."

"उपकारबिपकार?"

"आभारसुद्धा मानायचे नसतात. चित्रात दिसतं तेवढंच लिहायचं."

"मग लिहिलंस तरी काय?"

रुइझूला ते वाक्य इंग्रजीत पाठ होतं. आजीसाठी आपल्या भाषेत आणायला जरा वेळ लागला.

"वीस वर्षांत बाकी सगळं कमीजास्त झालं. शेजाऱ्यांचं तेवढं होतं तसंच राहिलं."

सरांचं चावणं थांबलं. "दोन्ही वर्तुळांत? तीन आणि तीन?"

"हो, सर."

त्यांनी पेन पुन्हा उघडलं, कागदावर काहीतरी उतरवलं. "मुद्दा बरा आहे," ते खालच्या आवाजात म्हणाले. "पण तेवढ्यावर सात मिळतीलच असं नाही, पोरी."

"माहीत आहे, सर." तिचे डोळे भरले होते आणि ती हसत होती. "मिळाले नाहीत तर परत शिकवाल ना?"

"जातो कुठे मी!" सर म्हणाले.

आजीचं या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवत होती.

"म्हणजे अजून ठेवतात," ती म्हणाली. "परक्यांची लेकरं. अजून ठेवतात लोक घरात."

"अजून ठेवतात, आजी."

आजीने मांडीवरची सालं झटकली, गुडघ्यावर हात देऊन उठली आणि दोन्ही हात जोडले. समोर नुसता रस्ता होता. सायकली होत्या, आणि कामावरून घरी निघालेली अनोळखी माणसं. त्या सगळ्यांना तिने खाली वाकून नमस्कार केला.