खातेदार

“संघपाल लोणारे तूच काय गा?” दारातल्या म्हातारीनं विचारलं.

तिच्या हातात पोलीस तक्रारीची प्रत होती. घामानं मऊ पडलेली, चार घड्यांची. संघपालनं ती लांबूनच ओळखली. त्या कागदावरचं स्वतःचं नाव त्यानं चार महिन्यांत इतक्या वेळा वाचलं होतं, की ते आता दुसऱ्याच कोणाचं वाटायला लागलं होतं.

“मी तुळजाबाई. उमरेडची. माह्येच पैसे गेले.”

 संघपालची बायको मेघा गॅसपाशी होती, तिनं गॅस बंद केला. पोलिसांसमोर तो तीनदा उभा राहिला होता. पण ज्याचं गेलं ते माणूस असं घर शोधत येईल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

“बसा, मावशी,” तो कसाबसा म्हणाला.

ती आधी त्याच्या गावी, कुहीला जाऊन आली होती, तक्रारीत लिहिलेल्या आधार कार्डावरच्या पत्त्यावर. तिथं त्याच्या आईनं तिला चहा पाजला आणि रडत रडत वाडीच्या या भाड्याच्या खोलीचा पत्ता दिला. स्वतःच्या लेकाला न सांगता तुळजाबाई एकटीच निघाली होती.

तिनं तीस वर्षं मुलींच्या शाळेत घंटा वाजवली. रिटायर झाली तेव्हा कोणीतरी क्रेडिट कार्ड गळ्यात मारलं. ते तिनं लुगड्याच्या घडीत ठेवून दिलं, एकदाही वापरलं नाही. मग एक दिवस फोन आला. कार्डाचा वर्षाचा चार्ज कटणार आहे, बंद करायचं असेल तर नंबर सांगा. माणूस मोठा गोड बोलत होता. तासभर बोलला. मोबाईलवर आलेले आकडे तिनं चष्मा लावून एकेक करून त्याला वाचून दाखवले. कार्डावरचे गेले, मागोमाग खात्यातली जन्माची पुंजीही गेली. लाजेपायी तीन दिवस तिनं कोणाला सांगितलंच नाही. तोवर पैसे एका खात्यात पडून तिथून चौदा जागी पांगले होते.

ते एक खातं संघपालच्या नावावर होतं.

“मावशी, त्या बँकेची पायरी मी कधी चढलो नाई,” तो म्हणाला. “गोडाऊनच्या चौकात एक माणूस छत्री लावून सिम विकून राहिला होता. फुकट म्हणे. त्यानं आधार-पॅनची झेरॉक्स घेतली, फोटो काढला, अंगठा घेतला. पहिला उमटला नाई म्हणून दुसऱ्यांदा घेतला. बस. एवढंच माह्या हातून झालं. माह्या नावाचं खातं त्याच्यावरच निघालं.”

हे तो पोलिसांनाही बोलला होता. ‘झेरॉक्स कशासाठी दिली ते तिच्यावरच लिहून सही करायची असते,’ एवढंच साहेब म्हणाले, आणि पुढचा कागद ओढला. छत्रीवाला पुन्हा त्या चौकात दिसला नाही. गोडाऊनच्या मुकादमानं निकाल लागेपर्यंत कामावर येऊ नको म्हणून सांगितलं. पगार जमा होत होता ते त्याचं खरं खातंही बँकेनं गोठवलं. सासऱ्यांनी फोन उचलणं सोडलं. आणि एक दिवस भाकरी थापता थापता, मान वर न करता, मेघानंही विचारलं होतं, “तुम्ही त नाई न दिलं खातं कोणाले भाड्यानं?” त्या दिवसापासून तो घरातही कमीच बोलत होता.

तुळजाबाई त्याच्याकडे एकटक पाहत राहिली. मग म्हणाली, “एक काम कर. ‘मॅडम, घाबरू नका, मी आहे न’ असं म्हण.”

“काहून?”

“म्हण त खरं.”

तिनं डोळे मिटले. संघपालनं ते वाक्य म्हटलं. 

“पुन्हा म्हण.”

त्यानं पुन्हा म्हटलं. तिसऱ्यांदाही म्हटलं. मेघानं तोंड फिरवलं.

म्हातारीनं डोळे उघडले. “तू नाई गा तो. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाई. आन् खातं विकलं तेही तू नाई. तुह्या मायले पाहून अर्धं समजलं होतं, आता पुरं समजलं.”

संघपालला हुंदका आवरेना. आवाजानं काहीच सिद्ध होत नाही, हे त्याला ठाऊक होतं. फोन करणारा एक आणि खातेदार दुसराच, असंच असतं, हे साहेबांनी त्याला पहिल्याच दिवशी ऐकवलं होतं. तरी चार महिन्यांत पहिल्यांदा कोणीतरी त्याला खरं मानलं होतं. आणि मानलं तेही साऱ्या जगात हिनं! तो वाकून तिच्या पाया पडला.

“मावशी, हेच ठाण्यात सांगा न. मी येतो तुमच्या संगं. आत्ता येतो.”

 तिचा चेहरा उतरत उतरत पार विझून गेला. आली तेव्हा दारात ताठ उभी होती ती बाई. आता भिंतीला हात लावून उठली.

“सायेब म्हणे, साऱ्या केसमंधी एकच नाव हाती लागलं,” ती म्हणाली. “तुह्यं. चार महिने त्याच नावावर जगून राहिली मी.”

मेघानं पुढं केलेलं पाणी तिनं घेतलं नाही. चपला पायात सरकवल्या.

“तू खोटा निघाला असता त बरं झालं असतं, बाबू. पैसे मागाले कोणाच्या दारात तरी जाता आलं असतं.”