लोटलेलं दार

परदेशात इतकी वर्षं काढल्यावर एक गोष्ट त्याच्या अंगात पुरती भिनली होती. आतून कुणी बोलावल्याशिवाय कुणाच्या घरात पाऊल टाकायचं नाही. त्याने बेल वाजवली, थांबला. थोड्या वेळाने पुन्हा वाजवली. आईचा डोळा लागला असेल, उगाच झोपमोड नको, म्हणून तो बॅगेला टेकून जिन्यातच बसून राहिला.

शेजारच्या काकू भाजी घेऊन वर आल्या, तोवर तासभर उलटून गेला होता.

"अरे, आलास? मग बाहेर काय बसलायस?"

"बेल वाजवली काकू. झोपलीय बहुतेक."

काकूंनी कोपराने दार ढकललं. ते नुसतं लोटलेलं होतं.

आई स्वयंपाकघराच्या दारात पडली होती. अंग अजून कोमट होतं.

डॉक्टर येऊन गेले, तरी काकू त्या दाराकडेच बघत होत्या.

"सकाळीच तिला म्हटलं, कडी तरी लावून घे. तर म्हणाली, राहू दे गं, आज लेक यायचाय. तो काय बेल वाजवून थांबणाऱ्यातला आहे?"