भेट देण्याची मुभा

समाधान आंतरराष्ट्रीय सभेत ठरावांचे मसुदे लिहायचा. सुट्टीत घाटनांदूरला आईकडे आला, तरी फोन चालूच होते. वसाहतीच्या काळात एका बड्या देशाने बेटावरून हाकललेल्या लोकांचा ठराव उद्या मताला येणार होता. त्या देशाची अट समाधानने फोनवर बेटवासीयांच्या वृद्ध प्रतिनिधीला सांगितली, "‘परतण्याचा हक्क’ काढू. ‘भेट देण्याची मुभा’ लिहू. नाहीतर ठराव पडेल." त्या बाईने दोन्ही शब्द पुन्हा म्हणायला लावले. मग म्हणाली, "लिहा." शेजारी शेंगा फोडणाऱ्या त्याच्या आईने, मुक्ताबाईंनी, विचारलं, "कोन व्हती रं?" त्याने आईला सगळं सांगितलं. "माझं माहेर धरणात गेलं, तवा सायबानं बापाला असंच समजावलतं. उन्हाळ्यात पानी उतरल्यावर बाप चिखलात उभा राहून घर हुडकायचा." समाधानने घाईघाईने पुन्हा फोन लावला. त्या वृद्ध प्रतिनिधीने उचलला नाही. दुसऱ्या दिवशी ठराव एकमताने मंजूर झाला. बड्या देशाच्या राजदूताने फोन करून त्याचं अभिनंदन केलं.